खुंटा हलवून बळकट होत नाही: मोबाइलचं ढिलं चार्जिंग पोर्ट दुरुस्त आणि मजबूत करताना

"दादा, वायर अशी खाली दाबून धरली की चार्जिंग होतंय, सोडली की बंद." मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर हे वाक्य मी जवळपास रोज ऐकतो. कुणी फोनखाली वहीची घडी सरकवून चार्जिंग करतं, कुणी केबल रबरबँडने कव्हरला बांधून आणतं. खुंटा हलवून बळकट करावा म्हणतात, पण चार्जिंगचं पोर्ट (फोनमधली केबल लावायची जागा) जितकं हलवाल तितकं ते आपल्या जागेवरून उखडत जातं. म्हणून हलवाहलवी सुरू झाल्यापासून आठवड्याभरात आलेला फोन आणि सहा महिने दाबून-वाकवून वापरलेला फोन यांच्या दुरुस्तीत फार अंतर पडतं.

परवा एक अंगणवाडीताई आल्या. सगळ्या मुलांची वजनं-उंची मोबाइलमध्ये भरायची असतात आणि फोन चार्ज होत नव्हता. त्यांना दोन दुकानांत "पिन बदलावी लागेल", म्हणजे पोर्टच बदलावं लागेल, असं सांगितलं होतं. मी भिंगाखाली पाहिलं तर पोर्टच्या तळाशी करडा थर दिसला. लाकडी दातकोरणी ब्लेडने चपटी करून आत घातली आणि हळूच बाहेर ओढली. पर्सच्या अस्तराचा, धुळीचा आणि भुकटी झालेल्या खडूचा एक घट्ट तुकडा निघाला. पोर्टच्या आतल्या भागाचा जणू साचाच घेतला होता त्याने. त्याच केबलने फोन चार्ज झाला. बदलायला काहीच नव्हतं.

या लेखात मला जे सांगायचंय ते इथूनच सुरू होतं. "ढिलं पोर्ट" हा एक आजार नाही, निदान चार आहेत. सोल्डरिंग आयर्न तापवायच्या आधी नेमकं काय हलतंय ते शोधायचं.

हलतंय काय?

फोन बंद करा. चांगल्या उजेडात, शक्यतो भिंगातून किंवा दुसऱ्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून पोर्टच्या आत पाहा. टाइप-सी असेल तर मधोमध एक पातळ जीभ दिसेल, तिच्या दोन्ही बाजूंना सोनेरी पट्ट्या. जीभ सरळ आणि मध्यभागी आहे का? पट्ट्या चकाकतायत, की काळ्या-हिरव्या पडल्यात? आता केबल लावा आणि तिच्या पिनेचा धातूचा भाग बाहेर किती उरतो ते बघा. चांगल्या स्थितीत तो जवळजवळ पूर्ण आत जातो आणि बसताना बोटाला बारीक 'टक' जाणवतं. मिलिमीटरभर धातू बाहेर दिसत असेल आणि 'टक' होत नसेल तर आत कचरा आहे. पोर्टच्या नावाने बोंब मारायच्या आधी तो काढा.

कचरा काढायला सुई, टाचणी, सेफ्टी पिन, सिमची पिन यातलं काहीही वापरायचं नाही. धातूचं टोक पट्ट्यांवरचा मुलामा खरवडतं. पट्ट्यांमध्ये अडकून दोन पट्ट्या जोडल्या गेल्या तर शॉर्टही होतो. लाकडी दातकोरणी चपटी करा किंवा प्लास्टिकची पातळ काडी घ्या, आणि जिभेला न टेकता तळाच्या कोपऱ्यांतून कचरा बाहेर ओढा. आत ढकलू नका. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे कण आत जातात, म्हणून हाताने दाबायचा रबरी ब्लोअर बरा. कॉम्प्रेसरची हवा मात्र नको, कारण पोर्टच्या शेजारचं बारीक भोक माइकचं असतं आणि त्याचा पडदा जोराच्या हवेने फाटतो. मग चार्जिंग होतं, पण समोरच्याला आवाज जात नाही.

शेवटी ९९ टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मऊ ब्रशवर अगदी थोडं घ्या, पट्ट्या पुसा आणि फोन अर्धा तास तसाच ठेवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ओल्या पोर्टला केबल लावलेली असते आणि वीज वाहणाऱ्या पट्टीवर हिरवा गंज धरतो. हलका गंज आयपीएने निघतो. खोल खड्डा पडला असेल तर ती पट्टी गेली.

साफ केल्यावरही ढिलं वाटत असेल तर केबल बदलून बघा. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: पकड धरणाऱ्या स्प्रिंगा फोनच्या पोर्टमध्ये नसतात, त्या केबलच्या पिनेत असतात. २००७ साली मायक्रो-यूएसबी आलं तेव्हाच हे ठरवून केलेलं होतं, आणि २०१४ साली आलेल्या टाइप-सीमध्येही तसंच आहे. झिजायचं तर स्वस्त केबलने झिजावं, महागड्या फोनने नाही, हा त्यामागचा विचार. दोन्ही प्रकारची पोर्टं १०,००० वेळा काढघाल सहन करावीत अशा हिशोबाने बनवलेली असतात. रोज तीन वेळा चार्जर लावला तरी तो हिशोब नऊ वर्षांवर जातो. म्हणजे वर्षा-दीड वर्षात ढिलं झालेलं पोर्ट काढघालीने झिजलेलं नसतं. एक तर केबल झिजलेली असते, किंवा पोर्टला आडवा झटका बसलेला असतो.

नवी, चांगली केबल घट्ट बसली तर काम संपलं. केबलची पिन पक्कडीने दाबून घट्ट करण्याचा उपाय मात्र करू नका. दबलेली पिन फोनच्या जिभेवर घासते आणि केबलच्या नादात पोर्ट जातं.

आता खरी परीक्षा. नवी केबल पूर्ण आत बसवा, फोन टेबलावर धरा आणि पिन दोन बोटांत पकडून अगदी हलकेच डावी-उजवीकडे, मग वर-खाली करा. डोळे पोर्टच्या कडेवर ठेवा. पिन पोर्टच्या आत हलते पण पोर्टची कड स्थिर राहते, तर पोर्टच्या पत्र्याचं तोंड पसरलंय किंवा जीभ मोडलीय. पोर्टची कडच पिनेबरोबर हलते, म्हणजे पोर्ट आतल्या सर्किट बोर्डावरून सुटलंय. पोर्ट आणि त्याच्यामागे सगळंच मिळून किंचित सरकतं, तर आतला छोटा बोर्ड बॉडीत नीट आवळलेला नाही. हा शेवटचा प्रकार आधी एकदा उघडलेल्या फोनमध्ये हमखास सापडतो: स्क्रू परत लावताना एखादा राहून गेलेला असतो. एका स्क्रूने बरा होणारा आजार.

टाइप-सीचा आणखी एक पुरावा आहे. केबल एका बाजूने लावली की चार्ज होतं, उलटी लावली की होत नाही, असं असेल तर जिभेच्या एकाच बाजूचा संपर्क किंवा त्या बाजूच्या पायाचा सांधा गेलेला असतो. टाइप-सीच्या पूर्ण रचनेत २४ संपर्क असतात. वीज देणारे चार, जमिनीचे (ग्राउंडचे) चार, डेटाचे वेगळे, आणि केबल कुठल्या बाजूने लागली हे ओळखणाऱ्या सीसी नावाच्या दोन पिना. यातली एक सीसी पिन सुटली की दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल एकाच बाजूने चालते.

पोर्ट कशावर उभं असतं

बोर्डावर बसलेलं पोर्ट म्हणजे पत्र्याचं एक चपटं घर, आत प्लास्टिकची जीभ, मागे वीज आणि डेटाचे केसासारखे बारीक पाय, आणि घराच्या दोन्ही कडांना एकूण चार जाड पाय. हे जाड पाय बोर्डाच्या भोकांत उतरवून डाख (सोल्डर) दिलेला असतो. बारीक पाय फक्त वीज वाहतात. केबलचा सगळा ओढा सोसतात ते हे चार जाड पाय.

केबलच्या पिनेचा साधारण साडेसहा मिलिमीटर भाग आत जातो आणि तिची मूठ बाहेर दोन-अडीच सेंटिमीटर उरते. पलंगावर आडवं पडून, चार्जिंगला लावलेला फोन छातीवर टेकवला की ती मूठ पहारीसारखी काम करते. बाहेर थोडा दाब, आत त्याच्या तिपटीने उचकट. जाड पायाभोवती आधी केसाएवढी गोल भेग पडते. आम्ही तिला 'ड्राय' झालं म्हणतो. एक पाय ड्राय झाला की त्याचा भार शेजारच्यावर, मग तोही सुटतो, आणि शेवटी सगळा ताण बारीक पायांवर येतो. ते ताणासाठी नसतातच. त्यांच्याखालची तांब्याची पट्टी बोर्डावरून सोलून निघते.

अर्धवट संपर्क धोक्याचाही असतो. सांध्यात नुसता ०.१ ओहम विरोध उरला आणि ३ अँपिअर करंट गेला तर मुंगीएवढ्या जागेत ०.९ वॉट उष्णता तयार होत राहते. जिभेचं प्लास्टिक तपकिरी झालेलं किंवा जळका वास येणारं पोर्ट दिसलं की त्यावर चार्जिंग ताबडतोब थांबवा.

चार्जिंग पट्टी बदलायची की डाख द्यायचा

आजच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पोर्ट मुख्य बोर्डावर नसतं. ते खालच्या बाजूच्या वेगळ्या छोट्या बोर्डावर असतं, दुकानात त्याला 'चार्जिंग पट्टी' किंवा 'सब-बोर्ड' म्हणतात. तो मुख्य बोर्डाला रुंद फ्लेक्सने (पातळ, लवचिक केबलने) जोडलेला असतो आणि तीन-चार स्क्रूंवर बसतो. तुमच्या मॉडेलची चांगली पट्टी मिळत असेल तर बदलणं हाच सरळ मार्ग. काही शे रुपयांत काम होतं आणि सोल्डरिंग लागतच नाही. आयफोनमध्ये पोर्ट फ्लेक्सलाच जोडलेलं येतं, तिथे तर आख्खं असेंब्लीच बदलतात.

पट्टी घेताना जुनी पट्टी सोबत न्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत नुसतं मॉडेलचं नाव सांगितलंत तर दोन-तीन वेगळ्या आवृत्त्या समोर येतील. बोर्डावर छापलेला नंबर अक्षरागणिक जुळला पाहिजे. हलक्या नकली पट्टीत काही सुटे भाग बसवलेलेच नसतात. मग फोन चार्ज होतो, पण फास्ट चार्जिंग जातं किंवा माइकचा आवाज घोगरा येतो. जुनी आणि नवी पट्टी शेजारी ठेवून भिंगाखाली एकेक भाग मोजा. नवीवर रिकाम्या जागा जास्त दिसल्या तर ती घेऊ नका. त्यापेक्षा जुन्या मूळ पट्टीचे पाय पुन्हा झाळलेले (डाखलेले) बरे.

झाळण्याचा पर्याय तेव्हा योग्य, जेव्हा जीभ आणि तिच्यावरच्या सोनेरी पट्ट्या शाबूत आहेत आणि फक्त पाय सुटलेत, किंवा पट्टी मिळत नाही, किंवा पोर्ट मुख्य बोर्डावरच आहे. जीभ मोडली असेल तर मजबुतीचा विचार सोडा. ती जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीची असते, तिला गोंदाने जोडता येत नाही. पोर्ट नवं लागेल.

आणि एक स्पष्ट सांगतो. पूर्वी कधी बारीक सोल्डरिंग केलं नसेल तर हात बसवायला भंगारातल्या फोनच्या चार्जिंग पट्ट्या घ्या. पाच-सहा जुनी पोर्टं काढून-बसवून झाली की मगच चालू फोनला हात लावा. मुख्य बोर्डावरचं पोर्ट तर अनुभवी कारागिराकडेच द्या.

उघडताना

बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली येऊ द्या, फोन बंद करा, सिमचा ट्रे काढा. ट्रे आत राहिला तर काही फोनमध्ये बॉडी उचकटताना तो आणि सिमचा सॉकेट दोन्ही तुटतात. मागचं झाकण गोंदाचं असेल तर कडा हाताला चटका बसेल-न-बसेल इतपत गरम करून प्लास्टिकची पातळ पाती फिरवा. बॅटरीच्या जागेवर गरम हवा धरू नका आणि पाती खोल घालू नका. मागे फिंगरप्रिंट असलेल्या फोनमध्ये झाकणाला बारीक फ्लेक्स जोडलेली असते. झाकण सुटलं म्हणून झटक्याने उचललं की ती फाटते, म्हणून आधी बोटभर उघडून आत डोकवा.

स्क्रू कागदावर फोनचं चित्र काढून त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो बोर्डातून आरपार जातो. संरक्षक पत्रा निघाला की सगळ्यात पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं, प्लास्टिकच्या काडीने. त्यानंतर फ्लेक्स, अँटेनाची गोल वायर आणि शेवटी पट्टी बाहेर. पट्टी फोनमध्येच ठेवून तिच्यावर आयर्न चालवू नका. शेजारी बॅटरी असते.

डाख देताना

पट्टी रिकाम्या जागी, उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनच्या चटईवर चिकटपट्टीने पक्की करा. पोर्टचं तोंड किंचित वरच्या बाजूला राहील असा उतार द्या. फ्लक्स (डाख नीट पसरावा म्हणून लावायचा पदार्थ) वितळला की पाण्यासारखा धावतो. तोंड खाली असेल तर तो जिभेपर्यंत जातो आणि आपल्याबरोबर कथील (डाखाचा धातू) घेऊन जातो. पट्ट्यांवर चढलेलं कथील काढता काढता पोर्ट हातचं जातं. माइक आणि आजूबाजूचे रबर-प्लास्टिकचे भाग पिवळ्या, उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने झाका. माइकचं भोक दोन थरांनी.

आयर्नची टीप (टोक) निवडताना लोक सुईसारखी टोकदार टीप घेतात. बारीक पायांना ती ठीक, पण जाड पायांना नाही. ते पाय बोर्डातल्या जमिनीच्या मोठ्या तांब्याला जोडलेले असतात आणि उष्णता पिऊन टाकतात. टोकदार टीपने दहा सेकंद धरून बसलात तर कथील वितळायच्या आधी जिभेचं प्लास्टिक मऊ होईल. त्यापेक्षा पसरट, छिन्नीच्या आकाराची टीप घ्या, ३५० अंशांच्या आसपास ठेवा आणि एका पायाला तीन-चार सेकंदांत मोकळे व्हा.

कंपनीतून आलेला डाख शिसेविरहित असतो, तो साधारण २१७ अंशांना वितळतो. आपल्याकडचा ६३-३७ चा (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) डाख १८३ ला वितळतो. म्हणून आधी फ्लक्स लावा, मग जुन्याच सांध्यावर ६३-३७ ची ०.५ मिलिमीटर तार टेकवून थोडं नवं कथील मिसळा. मिश्रण लवकर पातळ होतं. मग विक (कथील शोषणारी तांब्याची वेणी) लावून ते शोषून घ्या, म्हणजे भेगाळलेलं जुनं कथील निघून जाईल. जुन्या भेगेवर नुसतं नवं कथील चढवलं तर सांधा वरून गुळगुळीत दिसतो, आतून तसाच फुटका राहतो. बिस्मथवालं, १३८ अंशांना वितळणारं कथील पोर्ट काढायला सोयीचं आहे, पण जाड पायांच्या सांध्यात ते उरू देऊ नका. ठिसूळ असतं, पहिल्या झटक्याला तडकतं. शिशाचं काम आहे तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवा.

आता पोर्ट चिमट्याने बोर्डावर सपाट दाबून धरा. बाजूने पाहिलं तर पत्र्याखाली फट दिसायला नको. आधी कर्णावरचे दोन पाय फक्त पकडीपुरते डाखा. थांबा, वरून पाहा. पोर्ट बोर्डाच्या कडेला काटकोनात आहे का? मागचे बारीक पाय आपापल्या तांब्याच्या पट्टीवर बरोबर बसलेत का? पोर्ट तसूभर तिरकं राहिलं तरी बॉडीच्या भोकाशी जुळत नाही आणि केबल कायम एका कडेला दाबून बसते. म्हणजे पुढच्या ढिलेपणाची सोय आत्ताच झाली. जुळलं असेल तर बारीक पायांवर फ्लक्स लावून टीपवर कथिलाचा अगदी लहान थेंब घ्या आणि एकाच दिशेने ओढत न्या. दोन पायांत कथिलाचा पूल झाला तर पुन्हा फ्लक्स आणि स्वच्छ टीप. काही पोर्टांत बारीक पायांची दुसरी रांग पत्र्याच्या खाली लपलेली असते, तिथे आयर्न पोचतच नाही, हॉट एअर (यंत्राची गरम हवा) लागते. आणि हॉट एअर बोर्डाच्या खालून द्यायची, तोंडावर वरून नाही.

बारीक पाय झाले की चारही जाड पाय पूर्ण भरा. चांगल्या सांध्याची खूण: कथील भोकातून बोर्डाच्या दुसऱ्या बाजूला उतरलेलं दिसतं आणि पायाभोवती देवळाच्या पायरीसारखा नाही, तर टेकडीसारखा उतरता उतार होतो. गोळा बनून बसलेलं कथील नुसतं टेकलेलं असतं, धरलेलं नसतं. असा गोळा दिसला तर फ्लक्स लावून पुन्हा टीप टेकवा.

एखाद्या जाड पायाची तांब्याची कडीच उखडली असेल तर घाबरू नका. शेजारची हिरवी किंवा काळी लाखेची परत ब्लेडने दोन मिलिमीटर खरवडा. खाली जमिनीचं तांबं लागेल. ते चकचकीत करून कथील चढवा आणि पायापासून तिथपर्यंत तांब्याची पातळ पट्टी किंवा उघडी तार आडवी टाकून डाखा. हे टिकतं, मी बऱ्याच फोनवर केलंय. फक्त खरवडायच्या आधी मल्टिमीटरने ते तांबं खरंच जमिनीचं आहे ना, ते तपासा. विजेच्या पिनेची पट्टी उखडली असेल तर मात्र बारीक जंपर वायरवर भागवू नका. फास्ट चार्जिंगचा करंट तिला तापवतो. तिथे चार्जिंग पट्टी बदलणंच शहाणपणाचं.

सगळं झाल्यावर आयपीए आणि जुन्या टूथब्रशने फ्लक्स धुवा, माइकचा टेप तोपर्यंत काढायचा नाही. भिंगाखाली प्रत्येक पाय चिमट्याच्या टोकाने हलकेच ढकलून बघा. सुटा पाय हलतो, नुसता बसल्यासारखा दिसत असला तरी.

मजबुती

डाख हा विजेचा सांधा आहे. त्याच्याकडून पहारीचा मार सोसण्याची अपेक्षा एका मर्यादेपर्यंतच करता येते. म्हणून इपॉक्सीचा आधार देतो. सुपरग्लू नको. तो पाण्यासारखा पातळ असतो, फटीतून आपोआप ओढला जाऊन जिभेपर्यंत पोचतो, त्याच्या वाफेने संपर्कांवर पांढरी साय धरते, आणि वाळल्यावर काचेसारखा तडकतो. गरम गोंदाची कांडीही नको, फोन तापला की ती मऊ पडते.

दोन नळ्यांचं, सावकाश वाळणारं इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्यापेक्षा ते जास्त पक्कं बसतं. आधी पोर्टचं तोंड कॅप्टॉन टेपने बंद करा. आयपीएने पुसलेला पत्रा आणि बोर्ड पूर्ण वाळू द्या, तेलकट बोट लागलं असेल तर पुन्हा पुसा. दोन्ही भाग सारखे घेऊन मिनिटभर नीट घोटा. मग दातकोरणीच्या टोकावर मोहरीएवढा थेंब घेऊन पत्र्याच्या डाव्या-उजव्या कडेला, पत्रा आणि बोर्ड जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ओढा. एक थेंब मागच्या दोन जाड पायांच्या माथ्यावर. बास. मागचे बारीक पाय झाकू नका, नाहीतर पुढे कधी पोर्ट बदलायची वेळ आली तर ते निघणार नाही. इपॉक्सीची उंची पत्र्याच्या वर जाता कामा नये, कारण वरचा धातूचा कंस किंवा स्पीकरचा डबा त्यावर बसायचा असतो. जास्त झालं तर ओलं असतानाच पुसा. पोर्टचं तोंड वर करून पट्टी २४ तास ठेवून द्या. घाई होते, गिऱ्हाईक फोन करतं, तरीही २४ तास.

बऱ्याच फोनमध्ये पोर्टला वरून दाबणारा धातूचा कंस असतो आणि खालून रबराचं कडं. जुन्या दुरुस्तीत हे दोन्ही हरवलेले असतात. कंस आणि पत्रा यांत फट दिसत असेल तर कॅप्टॉन टेपचे दोन-तीन थर पत्र्यावर द्या, म्हणजे स्क्रू आवळल्यावर पोर्ट वरूनही धरलं जाईल. माझ्या मते मजबुतीतला अर्धा वाटा या कंसाचा आहे. दबाव बेताचा ठेवा. कंस स्क्रूने ओढून-ताणून बसवावा लागत असेल तर थर जास्त झाले.

पत्र्याचं तोंड पसरलेलं असेल तर? मायक्रो-यूएसबीचं तोंड सपाट चिमट्याने अगदी हलकं दाबून पूर्ववत करता येतं. टाइप-सीचं दाबू नका. आतली जीभ आधी मोडते.

बंद करायच्या आधी

बॅटरी जोडण्याआधी मल्टिमीटर घ्या. विजेची पिन आणि जमीन यांच्यात बीप वाजायला नको. मग डायोड मोडवर लाल प्रोब जमिनीला आणि काळा प्रोब डेटाच्या दोन पिनांना एकेक करून लावा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एक बरोबर आणि दुसरा उघडा (जोडणीच नाही असं) दाखवत असेल तर तो बारीक पाय बसलेला नाही. आत्ता सापडला तर पाच मिनिटांचं काम, झाकण चिकटवल्यावर सापडला तर अर्धा दिवस.

पट्टी बसवा, फ्लेक्स लावा, अँटेनाची वायर विसरू नका (ती राहिली की दोन दिवसांनी "रेंज येत नाही" म्हणून फोन परत येतो), आणि बॅटरी सगळ्यात शेवटी. झाकण न चिकटवता फोन चालू करा. यूएसबी टेस्टर (करंट मोजणारं छोटं यंत्र) मधे लावून केबल दोन्ही बाजूंनी लावून बघा. बॅटरी निम्म्याच्या खाली असतानाच बघा, भरत आलेली बॅटरी मुळातच कमी करंट घेते आणि फसगत होते. पिन हलकेच हलवताना आकडा थोडा वर-खाली झाला तर चालेल, शून्यावर जाता कामा नये. कॉल करून माइक तपासा, संगणकाला जोडून डेटा जातो का पाहा. वीस मिनिटं चार्जिंगला ठेवून पोर्टला बोट लावा: कोमट ठीक, चटका बसला तर पुन्हा उघडा.

मग कडेला बी-७००० गोंद, क्लिपा किंवा रबरबँड आणि रात्रभर विश्रांती. पाण्यापासून संरक्षण असलेला फोन एकदा उघडला की ते संरक्षण पूर्वीइतकं राहत नाही, हे मालकाला तोंडावर सांगा.

आता वापराचं. चार्जिंगला लावून गेम खेळणाऱ्यांना आणि पडून व्हिडिओ पाहणाऱ्यांना मी काटकोनी पिनेची केबल देतो. मूठ फोनच्या कडेला समांतर राहते आणि पहार आखूड होते. बाइकच्या हँडलवर फोन लावून दिवसभर डिलिव्हरी करणाऱ्या मुलांचं पोर्ट खड्ड्यांच्या हादऱ्यांनी सुटतं. केबलचा पहिला वीतभर भाग होल्डरलाच बांधा, म्हणजे लोंबणाऱ्या केबलचं वजन पिनेवर येणार नाही. फोनला वायरलेस चार्जिंग असेल तर रात्रीचं चार्जिंग त्यावर करा.

दुरुस्तीनंतर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा ढिलं वाटलं तर क्रम तोच: आधी कचरा, मग केबल, मग कंसाचा स्क्रू, मग पाय. तोच पाय त्याच जागी पुन्हा तडकलेला दिसला तर बोर्डाच्या आतलं तांबं सुटलेलं आहे. तिसऱ्यांदा डाख देऊ नका, पट्टी बदला.